‘पॅरडाईज लॉस्ट’चा हीरो कोण?

मंडळी, या वीकांताचा विषय जरा आडवळणाचा आहे. सतराव्या शतकातल्या एका आंधळ्या इंग्रज कवीचं महाकाव्य, आणि त्यातला हीरो नेमका कोण यावर साडेतीनशे वर्षं चाललेला वाद. ‘आपल्याला काय त्याचं?’ म्हणून खिडकी बंद करण्याआधी दहा मिनिटं द्या. आपण रोज ऑफिसात, निवडणुकीत, सिनेमात टाळ्या कुणासाठी वाजवतो, त्याच्याशी या वादाचा थेट संबंध आहे.

तर, जॉन मिल्टनचं ‘पॅरडाईज लॉस्ट’. पहिली आवृत्ती १६६७ ची, दहा सर्गांची. १६७४ च्या आवृत्तीत त्याचेच बारा सर्ग केले. ओळी दहा हजारांच्या वर. करार झाला तेव्हा प्रकाशकानं मिल्टनच्या हातावर पाच पौंड टेकवले, आणि पहिली आवृत्ती खपली की आणखी पाच, असं ठरलं. (आपल्या अप्रेझलबद्दल कुरकुरणाऱ्यांनी नोंद घ्यावी.) कथा सगळ्यांना माहीत असलेली. सैतान देवाविरुद्ध बंड करतो, हरतो, नरकात पडतो. सूड म्हणून देवानं नव्यानं घडवलेल्या ॲडम आणि ईव्हला फूस लावतो. ते मना केलेलं फळ खातात आणि नंदनवनाबाहेर काढले जातात. बस्स, एवढंच.

आता गंमत बघा. पुस्तक उघडल्यावर पहिली भेट होते ती देवाशी नाही, ॲडमशी नाही, तर सैतानाशी. बंड फसलंय, गडी थेट आगीच्या तळ्यात आपटलाय. दुसरा कुणी असता तर कपाळाला हात लावून बसला असता. हा उठतो. शेजारी पडलेल्या दोस्ताला धीर देतो, मग पडलेल्या सगळ्या फौजेला हाक मारून उभं करतो. लढाई गेली तरी जिद्द गेलेली नाही, आणि दुसऱ्याच्या हाताखालच्या सुखापेक्षा आपल्या मालकीचा नरक बरा, असा एकूण सूर. वाचताना अंगावर काटा येतो. असा टीम लीड मिळाला तर रविवारीसुद्धा कामावर येऊ, असं वाटायला लागतं!

हे फक्त तुमच्या-माझ्यासारख्यांना वाटतं असं नाही. विल्यम ब्लेकनं अठराव्या शतकाच्या शेवटी म्हणून टाकलं की मिल्टन स्वतःच्याही नकळत सैतानाच्याच पार्टीतला होता. शेलीनं १८२१ मध्ये लिहिलं की नैतिकदृष्ट्या हा सैतान मिल्टनच्या देवापेक्षा कितीतरी सरस आहे. इकडे बंगालमध्ये मायकल मधुसूदन दत्त, १८४३ मध्ये ख्रिस्ती झालेला आणि मिल्टनवर जीव असलेला कवी. त्यानं १८६१ मध्ये ‘मेघनादवध काव्य’ लिहिलं, आणि सहानुभूती ठेवली रावण-मेघनादाच्या बाजूला. आपल्या मराठी वाचकाला हे फार ओळखीचं आहे. शिवाजी सावंतांचं ‘मृत्युंजय’ १९६७ मध्ये आलं, तेव्हापासून कर्णावर जीव टाकणाऱ्यांच्या किती पिढ्या झाल्या! हरलेला पण वाकला नाही असा माणूस आपल्याला मनापासून आवडतो.

मग प्रश्न असा, की मिल्टनला हे कळत नव्हतं का? इतका विद्वान माणूस, आणि खलनायकालाच हीरो करून बसला?

माझं मत: त्यानं हे अगदी समजून-उमजून केलं. पण त्यासाठी थोडं मागं जायला हवं.

ख्रिस्ती महाकाव्य लिहिणाऱ्या प्रत्येकासमोर एक मोठी अडचण होती. महाकाव्याचा साचा आला होता होमर आणि व्हर्जिलकडून. तिथला अकिलीस रागावतो आणि प्रेतांचा खच पाडतो. ओडिसियस शत्रूला गंडवतो. ईनिअस एका साम्राज्याचा पाया घालतो. आणि ख्रिस्ती धर्माच्या केंद्रस्थानी कोण? तर पकडला गेलेला, शिष्यानं तलवार उपसली तर ‘म्यान कर’ म्हणणारा, आणि शेवटी गुन्हेगारासारखा क्रुसावर मेलेला एक माणूस. याला त्या साच्यात बसवायचं कसं?

जुन्या कवींनी सोपा मार्ग काढला: येशूलाच योद्धा करून टाकलं. नवव्या शतकात जुन्या सॅक्सन भाषेत ‘हेलिआंड’ नावाचं सुमारे सहा हजार ओळींचं काव्य झालं. त्यात येशू म्हणजे टोळीचा सरदार, शिष्य म्हणजे त्याचे शिलेदार. पीटर तलवार काढून एकाचा कान उडवतो, तो प्रसंग तर कवीनं चांगला रंगवून सांगितलाय. हे काव्य ज्यांच्या भाषेत आहे, त्या सॅक्सन लोकांना शार्लमेननं तीसेक वर्षं लढाया करून, तलवारीच्या जोरावर ख्रिस्ती केलं होतं, हेही लक्षात ठेवा. पुढे लागेल.

जुन्या इंग्लिशमधलं ‘ड्रीम ऑफ द रूड’ त्याहून हुशार आहे. त्यात क्रूस स्वतः बोलतो. येशू तरण्याबांड वीरासारखा आपणहून क्रुसावर चढतो, आणि बिचाऱ्या क्रुसाला हलायची मुभा नाही. आपला धनी आपल्याच अंगावर मरतोय आणि सेवकानं ताठ उभं राहायचं! या काव्याचे काही अंश स्कॉटलंडमधल्या रथवेल इथल्या दगडी क्रुसावर कोरलेले आहेत. इथं वीर कोण, मरणारा की उभा राहणारा, हा प्रश्न पहिल्यांदा नीट पडतो. पुढे इटलीत टॅसोनं १५८१ च्या काव्यात पहिल्या धर्मयुद्धाची कथा घेतली आणि मामला पुन्हा ढाल-तलवारीवर आणला.

मिल्टननं यातलं काहीच केलं नाही. त्यानं अकिलीसचा राग, ओडिसियसची चलाखी, सेनापतीचं वक्तृत्व, समुद्रावरच्या वादळासारखा खडतर प्रवास, हा सगळा वीराचा सरंजाम उचलला आणि सैतानाला देऊन टाकला. घे! आणि नवव्या सर्गाच्या सुरुवातीला स्वतःच्या आवाजात सांगितलं की आजवर कवींनी लढायांचीच गाणी गायली. धीरानं सोसणं आणि सत्यासाठी मरणं यात जास्त पराक्रम आहे, पण त्याचं गाणं कुणी गायलं नाही. थोडक्यात, सैतान भारी वाटतो कारण ‘भारी’ची आपली व्याख्याच जुनी आहे. स्टॅन्ली फिश या समीक्षकानं १९६७ मध्ये मांडलं की सैतानाचं आकर्षण हा वाचकासाठी मुद्दाम लावलेला सापळा आहे. मला ‘सापळा’ हा शब्द थोडा कडक वाटतो. मिल्टन वाचकाला पकडून शिक्षा करत नाही, तो त्याला अजून दोन-चार जणांची ओळख करून देतो. बघा, आणि तुम्हीच ठरवा.

पहिली ओळख दोन मीटिंगांमधून होते.

दुसऱ्या सर्गात नरकाच्या राजधानीत सभा भरते. राजधानीचं नाव पॅन्डेमोनिअम. इंग्लिशमध्ये गोंधळाला हा शब्द वापरतात, तो मिल्टननंच बनवलेला. मोलॉक म्हणतो युद्ध करू. बेलिअल म्हणतो गप्प बसू. मॅमन म्हणतो इथंच बस्तान बसवू. मग बील्झेबब उठतो आणि प्रस्ताव मांडतो की नव्या जगात जाऊन माणसाला बिघडवू. ही कल्पना मुळात सैतानाची, मांडायला लावलाय दुसऱ्याला! मग प्रश्न येतो, एवढ्या धोक्याच्या प्रवासाला जाणार कोण? सगळे गप्प. सैतान उठतो, ‘मी जातो’ म्हणतो, आणि लगेच सभा आटोपती घेतो. का? तर दुसरा कुणी आता नाकारलं जाणार हे माहीत असताना ‘मीही येतो’ म्हणेल आणि फुकटात नाव कमवून जाईल. ज्यांनी कॉर्पोरेट मीटिंगा पाहिल्यात त्यांना वेगळं काही सांगायला नको.

लगेच तिसऱ्या सर्गात स्वर्गातली सभा. देव विचारतो, माणसाच्या अपराधाची किंमत स्वतः मरून कोण भरेल? इथंही सगळे गप्प. पुत्र म्हणतो, मी. दोन्ही प्रसंगांचा सांगाडा एकच: प्रश्न, शांतता, पुढे येणारा एकटा. पण सैतान जातो तो परत येऊन सिंहासन पक्कं करायला, आणि पुत्र असलेलं सिंहासन सोडून मरायला तयार होतो. हा, इथं एक आक्षेप आहे. देवाला सगळं आधीच माहीत आहे, मग ही सभा कशाला? विल्यम एम्प्सननं १९६१ मध्ये मिल्टनच्या देवावर अख्खं पुस्तक लिहून त्याची चांगली चंपी केलीय. मलाही हा देव बराचसा कंटाळवाणा वाटतो, सतत स्वतःची बाजू मांडणारा. पण देव आवडला नाही म्हणून दोन सभांमधला फरक पुसला जात नाही.

दुसरी ओळख अब्दिएलची. माझा सगळ्यात लाडका. पाचव्या सर्गाच्या शेवटी येतो, थोडा वेळच. सैतान उत्तरेला आपल्या फौजेपुढे बंडाचं भाषण ठोकतोय. स्वर्गातले तिसरा हिस्सा देवदूत तिथं जमलेत आणि सगळ्यांना पटतंय. एकटा अब्दिएल उभा राहतो आणि म्हणतो, हे चूक आहे. कुणी साथ देत नाही. हुर्यो होते. तो त्या गर्दीतून पाठ फिरवून चालत निघून जातो, रात्रभर एकटा.

आता पुढचं बघा. सहाव्या सर्गाच्या सुरुवातीला तो पहाटे पोचतो ती बंडाची बातमी घेऊन. तर काय, तिथं फौज आधीच सज्ज! बातमी कळलेलीच होती. म्हणजे त्याच्या त्या रात्रभरच्या चालण्याचा व्यावहारिक उपयोग शून्य. कुठलंही आउटपुट नाही, रिपोर्टमध्ये टाकायला एक ओळ नाही. आणि तरीही देव सगळ्यांसमोर कौतुक करतो ते त्याचंच, कारण शस्त्राच्या वारापेक्षा सगळ्यांची छी-थू सहन करणं जास्त अवघड होतं.

याच्या उलट, त्याच सर्गातलं खरं युद्ध पाहा. सैतानाची मंडळी तोफेचा शोध लावतात, देवदूत डोंगर उपटून फेकतात. पण इथं कुणी मरतच नाही, जखमा आपोआप भरतात. दोन दिवस नुसती धुमश्चक्री, निकाल नाही. तिसऱ्या दिवशी पुत्र येऊन प्रकरण संपवतो. महाकाव्याचं जे हक्काचं मैदान, ते युद्धच मिल्टननं जवळजवळ हास्यास्पद करून ठेवलंय.

तिसरी ओळख ईव्हची, आणि इथं मला मिल्टन खऱ्या अर्थानं मोठा वाटतो. फळ खाऊन झालंय. दहाव्या सर्गात ॲडम तिला वाट्टेल तसं बोलतो, सगळ्या बाईजातीवर घसरतो. ती रडत त्याच्या पायाशी येते. आजच्या वाचकाला हे खुपतं, खुपायलाच हवं. पण ती काय म्हणते ते महत्त्वाचं. ती म्हणते, शिक्षा सगळी माझ्या एकटीवर येऊ दे. तिसऱ्या सर्गात पुत्रानं जे म्हटलं होतं, तेच ती म्हणते, जवळजवळ त्याच लयीत. तोवर दोघं फक्त एकमेकांवर ढकलत होते: तू केलंस, तू केलंस. हे चक्र तोडते ती ईव्ह. पहिला शब्द ती बोलते म्हणून ॲडम निवळतो, म्हणून दोघं मिळून प्रार्थना करतात, आणि म्हणून शेवटी हातात हात घालून बाहेर पडतात. या महाकाव्यात माणसानं केलेला सगळ्यात मोठा पराक्रम कुठला विचाराल तर माझ्या मते हा. भांडणात आधी बोललेला एक शब्द.

इथवर छान वाटतं. पण एक टोचणारा प्रश्न बाकी आहे, आणि तो टाळून चालणार नाही.

सोसण्यालाच पराक्रम म्हणणं कुणाच्या सोयीचं असतं? ज्याच्या हातात चाबूक आहे त्याच्या! ‘धीर धरा, सहन करा, त्यातच मोठेपणा आहे’ हे मालकानं नोकराला, सासूनं सुनेला, राज्यकर्त्यानं रयतेला सांगणं फार सोपं आहे. हा आक्षेप खरा आहे, आणि त्याचं उदाहरण शोधायला आपल्याला लंडनला जायची गरज नाही. गोव्यात मिळतं.

मिल्टनच्या काव्याच्या जवळजवळ अर्धशतक आधी, १६१६ मध्ये, साष्टीतल्या रायतूरला एक ख्रिस्ती महाकाव्य छापून निघालं. चक्क मराठीत, ओवी छंदात, पण रोमन लिपीत. तेच ‘क्रिस्तपुराण’. लिहिणारा इंग्रजच: फादर थॉमस स्टीफन्स, १५७९ मध्ये गोव्यात आलेला जेझुइट. ओव्या जवळपास अकरा हजार. जगाच्या निर्मितीपासून सुरुवात, मग येशूचं चरित्र. स्वर्गाला शब्द ‘वैकुंठ’. त्यातली मराठीची स्तुती आपल्याकडे भाषणांत हमखास ऐकायला मिळते.

भाषेवरचं त्याचं प्रेम खरंच आहे, त्यात वाद नाही. पण ज्यांच्यासाठी हे लिहिलं त्यांची अवस्था काय होती? साष्टीतली देवळं पोर्तुगीज सत्तेनं १५६७ मध्ये पाडली होती. नव्यानं ख्रिस्ती झालेल्यांची जुनी पुराणं गेली, त्या जागी हे नवं पुराण आलं. म्हणजे सोसणाऱ्या, तलवार म्यान करायला सांगणाऱ्या वीराची कथा आली ती तलवार म्यान न केलेल्या सत्तेबरोबर. ‘हेलिआंड’ची आठवण झाली ना? आणि गंमत म्हणजे, ज्या इंग्लंडमधून स्टीफन्स निघाला तिथं त्याच्याच कॅथलिक पंथाच्या पाद्र्यांना देहदंड होत होता. एडमंड कॅम्पिअनला १५८१ मध्ये मारलं. एका देशात जो पंथ सोसत होता, तोच दुसऱ्या देशात सत्तेच्या मांडीवर बसला होता. कथा तीच, हीरोही तोच. पण ती कोण कुणाला सांगतंय यावर तिचा अर्थ बदलतो.

मिल्टनही काही धुतल्या तांदळाचा नव्हता. १६४९ मध्ये राजा चार्ल्सचं डोकं उडवलं, त्याच्या समर्थनार्थ त्यानं लिहिलं. मग त्याच सरकारात परदेशी भाषांचा सचिव झाला. त्याच वर्षी क्रॉमवेलच्या फौजेनं आयर्लंडमध्ये कत्तली केल्या, तेव्हा हा त्या सरकारच्या नोकरीत होता. पुढे १६५२ पर्यंत डोळे गेले. १६६० मध्ये राजेशाही परत आली, मिल्टनची पुस्तकं जाहीर जाळली, त्याला काही काळ तुरुंगातही टाकलं. ‘पॅरडाईज लॉस्ट’ पुरं झालं आणि छापलं गेलं ते या सगळ्यानंतर, दुसऱ्यांकडून लिहवून घेत. कुणी म्हणेल, हरल्यावर सोसण्याचं तत्त्वज्ञान सुचलं! म्हणू दे. पण फरक हा, की तो हे जिंकलेल्याच्या खुर्चीवरून सांगत नाहीये. सत्ता बदलली तरी मत न बदललेला आंधळा म्हातारा हे सांगतोय, तेही मुख्यतः स्वतःला.

म्हणून मी माझ्यापुरता एक नियम केलाय. ‘सोसणं म्हणजे पराक्रम’ हे वाक्य प्रथमपुरुषी असेल तर ते खरं. दुसऱ्याला उद्देशून असेल तर ती दमदाटी. पुत्र म्हणतो ‘मी’. ईव्ह म्हणते ‘मी’. अब्दिएल दुसऱ्या कुणाला बाहेर चला म्हणून ओढत नाही, स्वतः निघतो. आणि नीट पाहा, यातलं कुणीच मुकाट सोसत नाहीये. अब्दिएलचं सोसणं सुरू होतं ते ‘नाही’ म्हटल्यावर. १६७१ च्या ‘पॅरडाईज रीगेन्ड’मध्ये तर मिल्टननं येशूला चारही सर्ग जवळजवळ फक्त नकारच द्यायला लावलेत. सैतान वाळवंटात त्याला जेवण, पैसा, राज्य, कीर्ती, विद्या सगळं देऊ करतो, हा नको म्हणतो. आणि शेवटी गुपचूप आईच्या घरी परत जातो. ना मिरवणूक, ना नगारे. बहुतेकांना हे काव्य रटाळ वाटतं, पण त्याला ‘पॅरडाईज लॉस्ट’पेक्षा कमी लेखलेलं मिल्टनला खपत नसे, असं त्याच्या भाच्यानं लिहून ठेवलंय.

आणि आपला सैतान? त्याचं पुढे काय होतं? पहिल्या दोन सर्गांत पहाडासारखा वाटणारा हा माणूस... म्हणजे देवदूत... नंतर लहान लहान होत जातो. चौथ्या सर्गात झाडावर पाणकावळ्यासारखा बसतो, मग झोपलेल्या ईव्हच्या कानाशी बेडकासारखा. नवव्यात सापात शिरतो. दहाव्यात मोहीम फत्ते करून नरकात परततो, विजयाचं भाषण ठोकतो आणि टाळ्यांची वाट बघतो. ऐकू काय येतं? फूत्कार. सगळी सभा साप झालेली, आणि तो स्वतःही. ब्लेक-शेलींचा सैतान बव्हंशी पहिल्या दोन सर्गांतला आहे. त्याच्यावर भाळायला हरकत नाही, फक्त पुस्तक दहाव्या सर्गापर्यंत वाचावं.

आमच्या धंद्यात पहिल्या सर्गातले सैतान पुष्कळ भेटतात. कोसळलेल्या प्रोजेक्टच्या ढिगाऱ्यावर उभं राहून ते असं बोलतात की, वा! ढिगारा कुणामुळे झाला हे विचारायचंच राहून जातं. आणि अब्दिएलही असतात. रिलीजच्या आदल्या मीटिंगमध्ये पंधरा माना डोलत असताना ‘हे तयार नाहीये’ म्हणणारी एखादी दोन वर्षं अनुभवाची मुलगी. तिच्या म्हणण्यानं काही बदलत नाही, रिलीज होतोच. महिन्याभरानं तिचं म्हणणं खरं ठरलं तरी कुणाला ते आठवत नाही, आणि ॲवॉर्ड मिळतं ते रात्रभर जागून आग विझवणाऱ्याला.

तिच्या नावानं महाकाव्य कुणी लिहिणार नाही. तेव्हा पुढच्या वेळी ती बोलेल तेव्हा मोबाईलमधून डोकं वर काढून एवढंच म्हणा: ‘थांबा, तिचं पूर्ण होऊ दे.’ अब्दिएलला त्या रात्री एवढं म्हणणारंही कुणी नव्हतं.